आतल्या खोलीतले मुंगीकाका

रक्त तपासणीच्या त्या लॅबमध्ये सगळे त्यांना मुंगीकाका म्हणायचे. लहान मूल खुर्चीत बसलं की ते सांगायचे, “आता एक मुंगी येईल बघ, तिला ओरडायचं नाही हं.” मूल इकडेतिकडे मुंगी शोधत असायचं, तोवर रक्त काढून कापूसही लावलेला असायचा.

त्यांचे वडील दुसऱ्या मुलखातून कामासाठी इथे आले होते. काकांचा जन्म मात्र इथलाच, शाळा इथली, बोलणंही इथलं. पण रंग, नाक, कुरळे केस वडिलांकडचे. त्यामुळे लोक विचारायचे, “मूळचे कुठले?” काका आपल्या गल्लीचं नाव सांगायचे. “तसं नाही हो, मूळचे!” काका हसून दंडावरचा पट्टा आवळायचे. हा प्रश्न त्यांनी कधी मनाला लावून घेतला नाही.

मग नवा मॅनेजर आला. एके सकाळी एका गृहस्थांनी काकांना पाहून बाही खाली ओढली आणि काउंटरकडे बघत विचारलं, “दुसरं कोणी नाही का?” मॅनेजर लगबगीनं आला. “काका, तुम्ही जरा आतलं बघता का? नमुने तुंबलेत.” काका आत गेले. नमुने काही तुंबले नव्हते.

त्यानंतर ‘जरा’ वाढत गेलं. आतल्या खोलीत फ्रीज, यंत्रं आणि एक उंच स्टूल. रक्ताच्या नळ्यांवर नावाच्या चिठ्ठ्या चिकटवायच्या, त्या यंत्रात फिरवायला ठेवायच्या, काढायच्या. मॅनेजर कधी वाकडं बोलला नाही. उलट म्हणायचा, “तुम्हाला आता दगदग नको.” पुढे मुख्य तंत्रज्ञाची जागा निघाली, ती काकांनी स्वतः शिकवलेल्या सहकाऱ्याला मिळाली. काकांनी त्याचं अभिनंदन केलं, डबा खाल्ला, हात धुतले. राग आला का, असं कोणी विचारलं असतं तर त्यांना सांगता आलं नसतं. हातावर झोपल्यावर हात आपला वाटत नाही, तसं काहीतरी छातीत झालं होतं.

घरी बायको शिवणकाम करायची. मशीन थांबवून तिनं विचारलं, “अहो, हल्ली लॅबमधलं काही सांगत नाही तुम्ही?”

“सांगण्यासारखं काय? काम तेच आहे. जागा बदलली.”

एका दुपारी मॅनेजरनं दारातून हाक मारली, “काका, बाहेर या. तुमचं माणूस आलंय.”

काकांना वाटलं, बायकोला काही झालं. धावत बाहेर आले तर खुर्चीत एक अनोळखी बाई बसली होती. रंग, केस, सगळं काकांच्या वडिलांकडच्या माणसांसारखं. शेजारच्या दोन्ही खुर्च्या मोकळ्या होत्या. तिथले दोघे उठून पलीकडे मोबाइल बघत उभे होते.

काकांनी पट्टा बांधला. शीर सापडली. बाईनं सहज विचारलं, “तुम्ही आतच बसता का?”

नळी भरताना ते त्या मोकळ्या खुर्च्यांकडे बघत राहिले.

बाई गेल्यावर काउंटरवरची मुलगी त्यांच्यामागून आत आली. तिनं दार लोटलं. “काका, मला मॅनेजरसाहेबांनी पहिल्याच आठवड्यात सांगून ठेवलंय. तुमच्यासारखे दिसणारे पेशंट आले की तुम्हाला बोलवायचं, बाकी कोणाला तुमच्याकडे पाठवायचं नाही. मला वाटलं, तुम्हाला माहीत असेल.”

“नव्हतं,” काका म्हणाले, आणि पुढची नळी उचलली.

त्यांनी हे घरी सांगितलं ते भाजी निवडता निवडता, पावसापाण्याबद्दल बोलावं तसं. बायको उठली, चपला घातल्या. “चला,” म्हणाली. “कामगार सल्ला केंद्र उघडं असतं आता.”

केंद्रातल्या वकीलबाईंच्या टेबलावरचा पंखा खडखडत होता. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

“त्यानं शिवी दिली नाही कधी,” काका म्हणाले. “आदरानंच बोलतो.”

“आदरानं बाजूला काढलं तरी बाजूलाच काढलं ना? रंगावरून, वंशावरून काम वाटलं, बढती अडवली, की तो भेदभाव. शिवी लागत नाही त्याला.”

“पण पेशंटलाच नको असेल तर तो बिचारा काय करणार?”

“गिऱ्हाईकाची आवड हे कायद्यात कारण धरत नाहीत. आणि तक्रार केली म्हणून तुम्हाला, किंवा साक्ष दिली म्हणून त्या मुलीला त्रास दिला, तर ते आणखी वेगळं प्रकरण होतं. फक्त तक्रारीला मुदत असते. बसून राहू नका.”

काकांनी विचारलं, “मला राग येत नाहीये. तरी तक्रार करता येते?”

वकीलबाईंनी पेन खाली ठेवलं. “येते. कायदा राग मोजत नाही.”

काकांनी तक्रार केली. सुनावणीत काउंटरवरची मुलगी साक्षीला आली. तिनं शब्द फिरवला नाही. मॅनेजर म्हणाला, काकांचा अपमान होऊ नये म्हणूनच आपण त्यांना आत ठेवलं होतं. बहुधा त्याला ते खरंच वाटत असावं. निकाल अर्धा काकांच्या बाजूनं लागला. काकांना बाहेरच्या खुर्चीवरचं काम परत द्यावं, पेशंट रंग बघून वाटू नयेत, मुलीच्या नोकरीला धक्का लावू नये. बढती मात्र रंगामुळेच गेली हे सिद्ध झालं नाही. ती जागा सहकाऱ्याकडेच राहिली.

बाहेर फुटपाथवर बायकोला रडू फुटलं. काकांनी तिची पिशवी धरली.

“तुम्हाला काहीच वाटत नाही का हो?” तिनं डोळे पुसत विचारलं.

“वाटायला पाहिजे, एवढं कळतंय.”

सोमवारी ते बाहेरच्या खुर्चीशी उभे राहिले. सहकारी जवळ येऊन खोक्यातले हातमोजे काढून देऊन गेला. सकाळी गर्दी होती. काकांनी एकेकाला बसवलं, मूठ वळायला सांगितली, रक्त घेतलं. जेवणाच्या सुट्टीत काउंटरवरच्या मुलीनं विचारलं, “बरं वाटलं ना, काका?”

“उभं राहून पाय दुखले,” काका म्हणाले. ती हसली. काकांना हसू आलं नाही, पण त्यांनी डबा तिच्यासमोर सरकवला आणि तिच्या शेजारी बसून जेवले.