मामांचा समुद्र तापू नये म्हणून

समुद्राला ऊन लागू नये म्हणून जिवाचं रान करणारा माणूस अख्ख्या हिंगोली जिल्ह्यात एकच असावा, आणि मी कळमनुरीत त्याच्याच घरी भाड्यानं राहतो. एसटीचे निवृत्त ड्रायव्हर. गल्ली त्यांना मामा म्हणते, म्हणून मीही. आमच्याकडे सेनगावच्या बाजूला मेंढरं राखतात. घरातून कॉलेजात आलेला मी पहिलाच, त्यामुळे शहरात विचित्र कशाला म्हणायचं हे मला नीट कळत नाही. पण मामांच्या त्या आतल्या खोलीची भीती वाटते हे खरं. खिडक्यांना ओली पोती, भरदुपारी अंधार, आणि अंधारात काचेच्या पेटीचा निळा उजेड. पेटीत खारं पाणी आणि एक नारिंगी मासा. मामी अंथरुणाला खिळल्या तेव्हा मुलानं पुण्याहून आणून दिलेला. मामी गेल्या, मासा राहिला.

त्याला गारवा लागतो. पाणी थंड करायचं मशीन पेन्शनीत बसत नाही, म्हणून मामा जुन्या टेबलफॅननं पाण्यावर वारा घालतात. वाऱ्यानं पाणी उडतं पण मीठ मागे राहतं, तेव्हा वरून घालायचं ते गोडंच पाणी. मी एकदा खारं घालायला निघालो, तर मामांनी असं पाहिलं की जणू मी भरली गाडी उतारावर सोडून दिली. बर्फही थेट टाकायचा नाही. कुल्फीवाल्यासारखं घमेल्यात बर्फ आणि खडेमीठ घालून त्यात पाण्याच्या बाटल्या गोठवायच्या आणि झाकण घट्ट लावून एकेक पेटीत सोडायची. बाटली सोडताना मामा हळूच म्हणतात, "ऊन लई हाय आज." कुणाला म्हणतात, हे मी विचारत नाही.

मागच्या उन्हाळ्यात ते सायकलला बर्फाची अख्खी लादी बांधून आले. आमच्या भागात घरात अख्खी लादी जाते ती बहुधा एकाच कामासाठी, लांबचं माणूस येईपर्यंत मयत ठेवायला. त्यात मामांचं तोंड कायमचंच उतरलेलं. थोड्याच वेळात दारात चपलांचा ढीग झाला. बाया डोक्यावर पदर घेऊन आतल्या खोलीत येऊन बसल्या. पलीकडच्या आजीनं गळा काढला, मग मधेच थांबून मला विचारलं, "पन गेलं कोन, बापू?" मी पेटीकडे बोट दाखवलं आणि तो जिवंत आहे असंही सांगितलं. मामांना यात काहीच वावगं वाटलं नाही. त्यांनी सगळ्यांसाठी चहा ठेवला. हसू यायला हरकत नव्हती. पण एवढी माणसं सोडून मासा एका रिकाम्या खाटेकडे तोंड करून, काचेला चिकटून उभा होता. आजी म्हणाली, "हितंच पडून राह्यची ती." चहा तसाच ठेवून बाया उठल्या.

यंदा भर उन्हात वीज गेली आणि येईचना. विजेविना बर्फाचा कारखानाही बंद. मासा तळाशी आडवा पडला, कल्ले भराभर हलत होते. मामांनी विंझणा घेतला, मी पुठ्ठा, आणि आम्ही पाण्याला वारा घालत बसलो. घाम आत पडू नये म्हणून मामांनी कपाळाला उपरणं आवळलं होतं. त्यांचा विंझणा मंदावला तेव्हा मी भीत भीत म्हणालो, मामा, जरा टेका.

"तिच्या वक्ताला बरफ पुरला न्हाई, लेकरा," ते पाण्याकडेच बघत म्हणाले. "पोरगं रस्त्यात होतं. थांबता आलं न्हाई. त्यानं मायचं तोंड पाह्यलं न्हाई. तवापासून आला न्हाई तो. आता येतो म्हनला हाय. तिचं एवढं तरी जितं दिसलं पायजे त्याला."

मी पुठ्ठा जोरात हलवू लागलो.

दिवस कलला तेव्हा पंखा फिरला. बऱ्याच वेळानं मासा सावकाश उठला आणि आपल्या नेहमीच्या बाजूला गेला. मामी गेल्यापासून कुणी न टेकलेल्या त्या खाटेवर मामा आडवे झाले आणि लगेच झोपले. मी समुद्र अजून पाहिलेला नाही. पण खोलीत गार, खारट वास पसरला होता, आणि मामा झोपेतच भिंतीकडे थोडे सरकले, कुणाला तरी जागा करून द्यावी तसे.