ती डोळे मिटायची

“भीती वाटते हो ताई, पण चला,” असं म्हणून ती डोळे गच्च मिटायची आणि पाऊल टाकायची. काचीगुड्याच्या चौकात रस्ता ओलांडतानासुद्धा. डोळे मिटून रस्ता ओलांडणारं दुसरं माणूस मी पाहिलेलं नाही.

हैदराबादेत, बरकतपुऱ्यात आमची दारं समोरासमोर होती आणि नल्लकुंट्याच्या एका विमा कचेरीत आम्ही दोघी कामाला होतो. ती माझ्याहून बरीच लहान. नवरा रेल्वेत गार्ड. सिकंदराबादहून गाडी घेऊन गेला की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी परत यायचा. मूलबाळ नव्हतं. त्यामुळे तिच्या भीतीचा बराचसा भार माझ्यावरच असे.

कशाकशाला भ्यायची म्हणून विचारू नका. पालीला, लिफ्टला, कुकरच्या शिट्टीला. घरोघर केबल टीव्ही आला तेव्हा गच्चीवरून गेलेल्या त्या काळ्या वायरीतून वीज उतरेल म्हणून तिने तिथे कपडे वाळत घालणं सोडलं. कचेरीत पहिला कॉम्प्युटर आला. त्याची खोली वेगळी, एसी वेगळा, चपला दाराबाहेर. साहेबांनी तिला शिकायला बसवलं, तर ही दोन्ही हात मांडीखाली दाबून बसली.

“एक बटण चुकलं आणि सगळ्यांच्या पॉलिसी पुसल्या गेल्या तर?”

आम्ही हसून बेजार. पण थोड्याच दिवसांत सगळ्यांत झरझर टाइप करायची ती हीच. भीती काही गेली नव्हती. बटण दाबण्याआधी ओठ हलायचे, एवढंच.

अशी माणसं तुमच्याही ओळखीत असतील. त्यांना हसायची आपल्याला सवयच होऊन जाते.

एकदा कचेरीचा जिना उतरताना ती मध्येच बसली. साडी जरा वर केली, तर गुडघ्याच्या वर हाताला लागेल एवढी सूज.

“अगं, कधीपासून?”

“झाले बरेच दिवस. सांगितलं असतं तर तुम्ही डॉक्टरकडे नेलं असतं ना!”

डॉक्टरकडे नेलंच. एक्स-रे झाला, हाडाचा तुकडा तपासला, आणि हाडाचा कॅन्सर निघाला. तिच्या वयाला तर फारच क्वचित होणारा. त्याचं नाव आम्हाला धड उच्चारताही येईना. त्या संध्याकाळी मला वाटलं, ही आता आकांत करील. ती स्वयंपाकघरात उभी राहिली आणि मला म्हणाली, “ताई, कुकर लावू का आज?” त्या साध्या आवाजाची मलाच भीती वाटली.

कॅन्सरच्या हॉस्पिटलातले डॉक्टर तेलुगू होते, आमच्याशी हैदराबादी हिंदीत बोलत. त्यांनी नीट समजावलं. पूर्वी सरळ पाय कापत. आता आधी औषधांनी गाठ आवळायची, मग तेवढंच हाड काढून धातूचं बसवायचं आणि पुन्हा औषधं द्यायची. त्या औषधांवर अभ्यास चालला होता. काही पेशंटना नेहमीची औषधं, काहींना त्यांत आणखी एक नवं. कुणाला काय, हे ना डॉक्टर ठरवणार ना पेशंट. मुंबईत चिठ्ठी टाकल्यासारखं निघणार आणि फोनवर कळणार.

“नया इलाज अच्छा है क्या, डॉक्टरसाब?” तिने विचारलं.

“मालूम नईं अम्मा. मालूम करनेकूच तो कर रहे.”

बाहेर येताच तिने माझा हात धरला. “डॉक्टरलाच माहीत नाही हो ताई!” बसस्टॉपवर आलेली बस तिने जाऊ दिली. मग म्हणाली, “पण दुसऱ्यांना तरी माहीत असेल का? हे निदान सांगतात तरी.” आणि तशीच लंगडत परत आत जायला निघाली.

फोनची वाट बघण्याचा तो दिवस मला विसरता येत नाही. मुंबईची लाइन लागता लागत नव्हती. डॉक्टरांच्या टेबलावरचा फोन वाजला की ती माझ्या खांद्यात तोंड खुपसायची. “नवं निघालं तर अंगावर काय उठेल कुणास ठाऊक. जुनं निघालं तर नव्याला मुकले. मी नेमकं कशाला भिऊ, ते तरी सांगा ना.”

नवं निघालं.

केस गेले, जीभ सोलवटली, पाण्याचा घोटही उलटायचा. वॉर्डात बहुतेक शाळा-कॉलेजातली मुलं. येणारा जाणारा त्यांना सांगे, घाबरायचं नाही, धीर धरायचा. शेजारच्या खाटेवरची मुलगी हिला विचारायची, “आंटी, तुमकू डर लगरा?”

“हौ. बहुत.”

मुलीच्या चेहऱ्यावर लगेच सुटका झाल्यासारखं दिसायचं. दोघी एकमेकींकडे बघत पडून राहायच्या. पुढच्या खेपेला ती खाट रिकामी होती.

पाय वाचला. काठी टेकत ती कचेरीत यायला लागली. मात्र दर थोड्या महिन्यांनी छातीचा एक्स-रे असायचा, कारण हा रोग तिथेच उतरतो. डॉक्टर फिल्म खिडकीकडे धरायचे तेव्हा ती डोळे मिटायची आणि मी डॉक्टरांचा चेहरा बघायची. ते हसले की मी तिच्या पाठीवर थाप मारायची, मगच तिचे डोळे उघडायचे.

एका खेपेला मला थाप मारता आली नाही. ती तशीच बसून राहिली, डोळे मिटून. कितीतरी वेळ.

मग घरीच होती. एका दुपारी डॉक्टर स्वतः बरकतपुऱ्याला आले. नवराही होता. डॉक्टर पुन्हा पुन्हा चष्मा पुसत होते. ती मला हळूच म्हणाली, “ताई, ते घाबरलेत. पाणी द्या त्यांना.”

पाणी पिऊन ते बोलले. औषधाने पायातली गाठ मेली, छातीतली का नाही, हे त्यांना समजून घ्यायचं होतं. ती गेल्यावर छातीतल्या गाठीचा एक तुकडा तपासायला घेऊ द्याल का?

“उस वक्त मेरेकू मालूम पडेगा?”

“नईं अम्मा.”

“दुखेगा?”

“नईं.”

तिने नवऱ्याकडे पाहिलं. तो भिंतीकडे तोंड करून उभा होता. “घेऊ द्या हो त्यांना,” ती म्हणाली.

ती गेली तेव्हा हॉस्पिटलात जवळ मीच होते. नवरा गाडीवर होता. निरोप मिळाल्यावर गार्डाच्या पांढऱ्या कपड्यांतच धावत आला. व्हरांड्यात मला म्हणाला, “ताई, खरं सांगा. शेवटी घाबरली होती का?”

शांतपणे गेली, असं सांगायचं मी मनाशी ठरवलं होतं. त्याच्याकडे बघून ते जमेना.

“हो. फार घाबरली होती. मला सोडत नव्हती.”

त्याने मान हलवली. “म्हणजे शेवटपर्यंत शुद्धीत होती,” म्हणाला आणि बाकावर बसला. समोरचं दार बंद होतं. आत डॉक्टरांचं तो तुकडा घ्यायचं काम चाललं होतं. लाल-हिरव्या झेंड्या मांडीवर धरून तो त्या दाराकडे बघत राहिला, ती ताब्यात मिळेपर्यंत.