माझा सा दुरुस्त करू नका

मंगळवारी दुपारी अंधेरीला गेले होते... स्वतःचंच गाणं ऐकायला.

एक छोटी रेकॉर्ड कंपनी आहे, फक्त शास्त्रीय संगीत करणारी. नंदिता नावाची मुलगी चालवते. दिवाळीनंतर तिच्या नव्या सीझनची पाच रेकॉर्डिंग्ज येतायत, त्यातलं एक माझं. राग मुलतानी. साठी उलटल्यावर आयुष्यातलं पहिलं रेकॉर्डिंग... नवऱ्याने सकाळीच माझी साडी इस्त्री करून ठेवली होती. म्हटलं, अहो, ऐकायला जायचंय, दिसायला नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. काही वर्षांपूर्वी माझं थायरॉइडचं ऑपरेशन झालं आणि आवाजाच्या नसेला धक्का बसला. कित्येक महिने भाजीवाल्याशीसुद्धा खुणेने बोलत होते. मुलुंडचा गाण्याचा क्लास बंद, कार्यक्रम बंद. ‘आता शिकवा, गाऊ नका’ असं प्रेमाने सांगणारे बरेच भेटले.

मी गायले. पट्टी खाली आणली, ताना कमी केल्या, श्वास घ्यायला नव्याने शिकले. वरचा सा मात्र आता पूर्वीसारखा लागत नाही. आधी घासतो, जरासा फाटतो, मग उभा राहतो. पहिली दोन वर्षं मी त्याच्याशी भांडले. मग सोडून दिलं... आणि खरं सांगू, आता मला तो आवडतो.

तर स्टुडिओत नंदिताने आम्हाला हेडफोन दिले. शेजारी विलास होता, माझा तबलजी. ऑपरेशनच्या आधीपासून साथ करतोय. विलंबित छान चाललं होतं. आलाप हळूहळू वर चढला, वरचा सा आला... आणि तो एकदम गुळगुळीत होता.

मी हेडफोन काढला. म्हटलं, "हा मी लावलेला नाही."

नंदिता थोडी अवघडली. "ताई, जरासं क्लीन केलंय. पुढच्या आलापात तुमचा एक सा मस्त लागलाय, तोच उचलून इथे बसवला. कुणाला कळणार नाही."

"मला कळलं ना."

"पण ऐकायला चांगलं वाटतंय की."

यावर विलास बोलला. तो फारसा बोलत नाही. "नंदिता, तो सा लागत होता तेव्हा मी हात हलका केला होता. तिला जागा द्यायला. आता ऐकताना वाटतंय, मी उगाच का दबकलोय?"

मी सांगून टाकलं. मूळ होतं तसं ठेव, नाहीतर माझं नाव सीझनमधून काढ. आवाज शांत होता. पण तिने खरंच काढलं असतं तर? या वयात मला दुसरं कोण बोलावणार होतं?

नंदिता उठून बाहेर गेली. बऱ्याच वेळाने आली ती चेहरा खुलवूनच. "ठीक आहे ताई, ओरिजिनल ठेवू. पण मग आपण ते लपवायचंच कशाला? कव्हरवर लिहू, हरवलेला आवाज परत मिळवणारी गायिका. ऑपरेशनवर एक छोटा व्हिडिओ करू. लोक रडतील."

पोरीच्या मनात काही वाईट नव्हतं, हे मला कळत होतं. पण हे जास्त लागलं... आधी ती भेग बुजवायची होती, आता तिच्यावर लाइट मारायचा होता. मधल्या मध्ये माझी मुलतानी कुठे गेली?

मी विचारलं, "सीझनमध्ये ते सतारवाले आहेत ना, त्यांच्या कव्हरवर त्यांचं बीपी लिहिणारेस का गं?"

विलास फिसकन हसला. नंदिताला हसू आलं, पण तिने ते दाबलं. "मग काय लिहू?"

"रागाचं नाव. माझं नाव. साथीदारांची नावं. बस."

"आणि कुणी विचारलं, वरचा सा असा का लागलाय?"

"तर सांग, ती तसाच लावते."

ती म्हणाली, पार्टनरशी बोलून कळवते. दोन दिवस काही कळवलं नाही. भांडुपच्या माझ्या ताईने फोनवर झाडलं, "एका सुरासाठी नाय म्हटलंस? आयुष्यात एकदा बोलवल्यानी तुका." नवरा म्हणाला, "तुला झोप लागतेय ना? मग झालं." झोप लागत नव्हती, ते त्याला सांगितलं नाही.

आज सकाळी कंपनीने सीझन जाहीर केला. पाच नावांत माझं तिसरं. पुढे ना विशेषण, ना व्हिडिओ, ना कहाणी. सोबत नंदिताचा मेसेज होता, ‘तुमचा सा परत जागेवर ठेवलाय. पार्टनर अजून कुरकुरतोय, बघून घेईन मी.’ फायनल ऐकलं. सा घासला, फाटला, उभा राहिला. तिथेच विलासचा हात हलका झालेलाही कळला.

नंदिता, मनापासून आभार. तू नाही म्हणू शकली असतीस... आणि विलास, तुझेही.

ऐकणाऱ्यांना एकच सांगणं. कौतुक करायचं तर मुलतानीचं करा. आवडली नाही तर तसं खुशाल लिहा, मला चालेल. फक्त कीव करायला येऊ नका. मी गाणारी बाई आहे, बरी झालेली पेशंट नाही.