मुठीच्या जोंधळ्यावरची कमान

लढाईच्या त्या वर्षांत सिमेंट, लोखंड, सागवान काही म्हणता काही मिळत नव्हतं, आणि आमचे हे मात्र पलूसजवळच्या आमच्या खेड्यात देवळाची कमान बांधायला निघाले होते! हे म्हणजे माझे यजमान, तिथल्या ख्रिस्ती मंडळीचे पाळक. आम्ही प्रार्थनेच्या घराला देऊळच म्हणतो. काळ्या दगडाच्या भिंती आणि टोकदार खिडक्या माझ्या सासऱ्यांच्या वेळीच उभ्या राहिल्या होत्या. वेदीपुढची कमान तेवढी राहिली आणि तिच्यावाचून छप्पर चढेना. इतकी वर्षं आम्ही उसाच्या पाचटाखाली उपासना केली. मी वरवर ह्यांची थट्टा करायची, पण देवाला हे घर हवं तरी आहे का, ही शंका मला आतून पोखरत होती.

कमानीला बांधताना खालून आधार लागतो, आणि लाकूड तर नव्हतं. आमच्या बायकांची रीत अशी, की दळायला घेताना मूठभर जोंधळा देवासाठी बाजूला काढायचा. त्या मुठींची बरीच पोती साठली होती. मंडळीतल्या सरूबाईंनी टूम काढली, "आवं पाळकीणबाई, आमच्या मुठीवरच उभी ऱ्हाऊ द्या की कमान!" झालं! दगडमाती भरायची सोडून ह्यांनी खरंच पोत्यांची थप्पी रचली आणि वरून चिखलाचा गोलावा दिला. दाजी गवंड्यांनी कपाळाला हात लावला, पण कामाला लागले. बैल जुंपलेल्या घाण्यात गूळ घालून चुना मळला, दगडाला दगड भिडला आणि शेवटी मधोमध, दोन्ही बाजू आवळून धरणारा चावीचा दगड बसला. चुना वाळेपर्यंत पोत्यांना कुणी हात लावायचा नाही, असं दाजींनी बजावलं.

आणि दुसऱ्याच दिवशी पूर्वेकडचे मेंढके दारात आले. तिकडं पाऊस नव्हता, निम्मी मेंढरं वाटेतच मेली होती. एका म्हातारीच्या कडेवरचं नातवंड रडायचंही थांबलं होतं. "बाई, मूठभर जुंधळं हाय का? पोरानं कालधरनं काय खाल्लं न्हाई." मूठभर! माझ्या डोळ्यांपुढे कमानीखालची पोती आली. घरातलं पीठ मी दिलं, पण मागं आणखी कितीतरी माणसं बसली होती आणि गावातही टंचाईच होती.

"चुना वला हाय, साहेब," दाजी ह्यांना म्हणाले. "पोती काढली तर कमान खाली यील. पुन्ना बांधायचं बळ न्हाई माझ्यात."

पोत्यांकडे निघालेले हे माझ्याकडे वळले. मग मीच म्हणाले, "काढा पोती. त्याला घर हवं असेल तर तो सांभाळील. नसेल तर पाचट आहेच."

सगळ्यांना बाहेर काढून हे आणि दाजी वरून एकेक पोतं ओढू लागले. चिखल ढासळला. पोती कमी होत गेली तशी आम्ही बायका दाराशी मोठमोठ्यानं प्रार्थना करू लागलो. शेवटचं पोतं निघालं आणि कर्रर्र आवाज झाला! कमान नखभर खाली बसली. मी डोळे गच्च मिटले.

"धरलं! आवं, दगडानं दगडाला धरलं!" दाजी ओरडले आणि मटकन खाली बसून रडू लागले. आम्ही रडलो, हसलो, गायलो. सरूबाईंनी तिथल्या तिथं चूल मांडली. ते पोर पहिला घास गिळेपर्यंत कुणी जागचं हललं नाही. त्याच्या आजीनं कमरेच्या पिशवीतला भंडारा काढला आणि कमानीच्या पायथ्याशी दोन्ही हातांनी फासला.

पुढे लढाई संपून लाकूड मिळू लागलं तेव्हा छप्पर चढलं. देऊळ अर्पण करायच्या आदल्या दिवशी मंडळीतल्या वडीलधाऱ्यांनी तो पिवळा डाग धुवायला काढला, तेव्हा ह्यांनी तो धुऊ दिला नाही. आता तो फिका झाला आहे, पण मला नेमका दिसतो. आपण आपला आधार काढून घेतला तर सगळं कोसळेल, असं मनात आलं की मी तिथं जाऊन बसते. ज्या पोत्यांवर ही कमान उभी आहे असं मी समजत होते, त्यांच्या भाकरी कधीच खाऊन झाल्या. कमान आहे. प्रभू, तुझे फार उपकार आहेत.