वीस मिनिटांची तपासणी
दिवसभर माइकवरून "श्वास घ्या, सोडा" म्हणणाऱ्या टेक्निशियन बाईंना सगळं हॉस्पिटल श्वासबाई म्हणायचं. एमआरआयच्या खोलीत त्यांची बावीस वर्षं गेली होती. तोंडाने फटकळ, पण घाबरलेल्या पेशंटला त्यांचाच आधार वाटायचा.

अन्ननलिकेच्या कॅन्सरचं ऑपरेशन ठरलेले एक बसड्रायव्हर तपासणीला आले, तेव्हाची गोष्ट. कण्यालगत पेन्सिलीच्या शिशाएवढी एक लसिकावाहिनी असते. जेवणातली चरबी ती रक्तात नेऊन सोडते. कुणाची उजवीकडून चढते, कुणाची डावीकडून, कुणाला चक्क दोन असतात. सुई न टोचता ती एमआरआयमध्ये दिसते, वीस मिनिटं जास्त लागतात एवढंच. बाई हे शिकून आल्या होत्या. त्यांनी विभागप्रमुखांना विचारलं, "काकांची लसिकावाहिनी पाहून घेऊ का?"

"फॉर्मवर लिहिलंय?"

"नाही."

"मग नसती उठाठेव कशाला?"

बाई गप्प बसल्या. ऑपरेशनमध्ये नेमकी ती वाहिनी दुखावली. नळीने पोटात अन्न सोडायला लागल्यावर छातीला लावलेल्या बाटलीत चरबीचं दुधासारखं पाणी जमू लागलं. अन्न बंद झालं, छाती पुन्हा उघडावी लागली. महिनाभरात अंगाची काडी झाली आणि माणूस गेला. "हे आधी कळलं नसतं का हो?" त्यांच्या बायकोने बाईंना विचारलं. बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

तीन महिन्यांनी त्याच ऑपरेशनसाठी बालवाडीच्या एक शिक्षिका आल्या. या वेळी बाईंनी प्रमुखांना विचारलंच नाही. त्यांनी सर्जनला जिन्यातच गाठलं.

"अशी तपासणी आपल्याकडे होते?" सर्जन चकित झाले.

"दोन वर्षांपासून होते. कुणी मागत नाही."

सर्जननी तिथल्या तिथे फॉर्मवर लिहून दिलं. तपासणीत दोन वाहिन्या दिसल्या. त्यातली एक थेट गाठीला चिकटलेली. ती गळू नये म्हणून सर्जननी ऑपरेशनमध्ये आधीच बांधून टाकली. बाराव्या दिवशी शिक्षिका स्वतःच्या पायांनी घरी गेल्या.

बाईंच्या हातात मात्र मेमो पडला. वरिष्ठांना डावलल्याबद्दल लेखी खेद व्यक्त करा. बाईंनी लिहिलं, "खेद आहे. ड्रायव्हरकाकांच्या वेळी डावललं नाही, याचा."

"हा उर्मटपणा आहे," प्रमुख म्हणाले. "बदलून आणा."

"अक्षर लागत नसेल तर टाइप करून देते."

पुढे सर्जनच्या आग्रहाने ती तपासणी फॉर्मवर छापली गेली. सभेत प्रमुखांनी ती 'आपल्या विभागाची दूरदृष्टी' म्हणून सांगितली. टाळ्या पडल्या. बाई मधूनच उठल्या.

त्या रविवारी बाई ड्रायव्हरकाकांच्या घरी गेल्या. काय विचारलं होतं, काय उत्तर मिळालं, आपण कशा गप्प बसलो, सगळं सांगितलं. काकांची बायको म्हणाली, "हे लेखी द्याल?"

बाईंनी कागद मागून घेतला.