शरयूताई आणि गरम पाण्यातले जीव

शरयूताईंना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या एका काचेच्या भांड्याला कान लावून उभ्या होत्या. भांडं तापलेलं, म्हणून मध्ये पंच्याची घडी. मी प्रयोगशाळेच्या दारातच थांबले, तर त्यांनी नुसता हात वर केला. जरा वेळानं म्हणाल्या, "बुडबुडे ऐकत होते. आज जरा मंद आहेत. तू अकोल्याची ना? ये, तूही ऐक."

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. मी संशोधनासाठी बनारसला आले होते आणि शरयूताई माझ्या मार्गदर्शक होत्या. त्यांचा जन्म तिथल्याच रामघाटावरचा, घर वैदिकांचं. बोलता बोलता मराठीत हिंदी कधी शिरे, ते त्यांनाही कळत नसे. "दिवसभर मॅडमच ऐकते गं," त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं. "तू तरी ताई म्हण."

त्या भांड्यात बिहारमधल्या राजगीरच्या गरम कुंडातून आणलेल्या गाळातले जिवाणू होते. आपला हात पोळेल अशा पाण्यात ते खुशाल राहत. हवा मात्र त्यांना सोसत नसे. साखर खाऊन ते हायड्रोजन सोडत आणि तो नळीवाटे बाहेर येऊन साठे. "हा जाळला की धूर नाही, राख नाही, नुसतं पाणी," ताई सांगत. "पण यांच्या मनात काय असतं, ते अजून पुरतं कळलेलं नाही. मजा त्यातच आहे."

पहिल्याच हिवाळ्यात बुडबुडे थांबले. साखर शिल्लक होती, भांडंही गरम होतं. जिवाणू मेले असं धरून मी सगळं ओतून टाकायला निघाले, तेव्हा ताईंनी माझा हात धरला. "ठहर जरा. मेलेत की रुसलेत, ते आधी कळू दे." त्यांनी भांड्यात नायट्रोजन सोडून साचलेला वायू बाहेर घालवला. दुपारी बुडबुडे पुन्हा सुरू झाले. स्वतःच सोडलेला हायड्रोजन कोंडला की त्यांचंच काम अडत होतं. ताई स्टुलावर बसून कितीतरी वेळ बघत राहिल्या. चहा आणला होता, तो तसाच निवला.

पुढे प्रकल्पाला आणखी मदत द्यायची की नाही, हे ठरवायला बाहेरून एक समिती आली. फसलेले प्रयोग दाखवू नका, असं एका सहकाऱ्यानं सुचवलं होतं. ताईंनी नेमके तेच आधी दाखवले. समितीतल्या एकांनी विचारलं, "इससे बल्ब कब जलेगा?"

"अभी तो नहीं जलेगा," ताई शांतपणे म्हणाल्या. "कब जलेगा, मुझे भी नहीं मालूम."

मदत बंद झाली. मला फार राग आला. "थोडं वाढवून सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं?" मी विचारलं.

"मग त्या वाढवलेल्याच्याच मागे धावत बसले असते," त्या म्हणाल्या. "माझे प्रश्न तसेच राहिले असते."

भांडं दुसऱ्या विभागाला जाणार होतं. त्याच्या आधीच्या आठवड्यात ताईंनी साखरेऐवजी भाताचा पेंढा बारीक कुटून आत घातला.

"आता हे कशाला, ताई?"

"साखर आपणही खातो. पेंढा यांना पचतो का, हे विचारायचं राहिलंच होतं."

सुरुवातीला काहीच होईना. मी आशा सोडली होती. मग एका सकाळी नळीच्या टोकाशी एक बुडबुडा आला, बऱ्याच वेळानं दुसरा. तपासून पाहिलं, त्यात हायड्रोजन होता.

"आता हे सांगायचं कुणाला?" मी विचारलं.

"तू बघितलंस, मी बघितलं," ताई म्हणाल्या.

ताई जाऊन आता बरीच वर्षं झाली. त्यांची आठवण आली की मला प्रयोगशाळेतला तो शेवटचा दिवसच दिसतो. भांड्याची वीज त्यांनी स्वतःच्या हातानं बंद केली. पाणी निवत गेलं, बुडबुडे विरळ झाले आणि थांबले. ताईंनी पदराला हात पुसले. मला वाटलं, आता रडतील.

"उद्या भांडं आपल्याकडे असतं," त्या म्हणाल्या, "तर तू काय घातलं असतंस?"

"उसाची चिपाडं," मी म्हटलं.

"कुटून, की तशीच?"

कुलूप लावून आम्ही बाहेर पडलो आणि घाटाघाटानं चालत निघालो. मुन्शी घाट आला तरी आमचा वाद मिटला नव्हता.