पाचोडच्या तलावातली बारावी दिवड

किरणनं ऑफिसच्या ग्रुपवर फोटो टाकला, तेव्हा मी त्याचाच रिपोर्ट तपासत होते. फोटोखाली लिहिलं होतं, 'आजची बारावी दिवड. जाळ्यातून सोडवताना सुदाममामांच्या बोटाला चावली. बिनविषारी आहे, काळजी नसावी.' मिनिटाच्या आत साहेबांचा अंगठा आला. त्याखाली, 'किरणची नजर म्हणजे नजर!'

माझ्या पोटात दुखलं. खोटं कशाला बोलू?

तलावांच्या काठावरचे प्राणी नोंदवायचं काम आमची लहानशी कंपनी करते. पाणसापांचं काम बावीस वर्षं माझ्याकडं आहे. खवले मोजून मोजून चष्म्याचा नंबर वाढला. किरण चार वर्षांपूर्वी आला. मुकुंदवाडीचा, कॉलेजपासून साप पकडणारा. ओळखतो पटकन, बोलतो गोड. पाचोडच्या बाजारात लोक त्याला हाका मारून चहा पाजतात. मी तिथं अजून 'किरणभाऊसोबतच्या मॅडम'. आणि त्याच सकाळी साहेबांनी सांगितलं होतं की यंदाच्या रिपोर्टवर पहिलं नाव किरणचं असेल.

म्हणून मी फोटो झूम केला. त्या कोळ्याच्या, सुदाममामांच्या, काळजीनं नव्हे. किरणची एक तरी चूक सापडावी म्हणून.

दिवड हा आमच्याकडचा नेहमीचा पाणसाप. अंगावर बुद्धिबळाच्या पटासारखे ठिपके, डोळ्याखाली दोन तिरक्या काळ्या रेघा. डोक्यावर मोठे गुळगुळीत खवले, फरशी बसवल्यासारखे. फोटोतला साप चिखलानं लडबडला होता, त्यामुळं रेघा आहेत की नाहीत ते कळेना. पण डोक्यावरचा चिखल जाळ्याच्या दोऱ्यानं पुसला गेला होता. तिथं फरशी नव्हती. कण्या पसरल्यासारखे बारीक बारीक खवले होते. डोकं त्रिकोणी, मान बारीक, शेपूट आखूड.

घोणस. जहाल विषारी.

घोणस पाण्यात राहत नाही, पण पाऊस झाला की बिळात पाणी शिरतं आणि तीही पोहते. मग जाळ्यात आली की सगळे तिला दिवडच समजतात. सकाळपासून अकरा दिवडी मोजलेला माणूस तर हमखास.

मला घाम फुटला, असं इथं लिहायला हवं. खरं तर आधी आनंदाच्या उकळ्या फुटल्या. सापडला एकदाचा! आणि मी पहिलं काम काय केलं, तर त्या मेसेजचा स्क्रीनशॉट घेतला. त्यानं पुसून टाकला तर? स्क्रीनशॉट नीट आलाय का, हेही उघडून पाहिलं. मग फोन लावला.

"मामा कुठं आहेत?"

"इथंच हायेत मॅडम. चहा पितेत. हळद लावलीय बोटाला."

"ती घोणस आहे. फोटोत डोक्यावरचे खवले बघ."

त्यानं फोटो उघडून पाहिला. मग हळूच म्हणाला, "बोट लई सुजलंय मॅडम. मला वाटलं, दोरा आवळला असंल."

एका शब्दानं वाद घातला नाही. मी वादाची जय्यत तयारी करून बसले होते, तीही फुकट गेली. जखम चिरू नको, हात आवळून बांधू नको, मामांना चालवू नको, एवढं सांगितलं. त्यानं मासळीच्या टेम्पोत मामांना आडवं केलं आणि थेट शहरातला सरकारी दवाखाना गाठला.

तिथं रक्त काचेच्या नळीत वीस मिनिटं ठेवतात. घोणशीचं विष अंगात भिनलं असेल तर ते गोठत नाही. मामांचं गोठलं नाही. लगेच अँटीव्हेनम सुरू केलं. सहा दिवसांनी मामा बोटासकट घरी गेले.

पुढच्या मीटिंगला मी स्क्रीनशॉट तयार ठेवला होता. पण किरण माझ्या आधी उठला आणि त्यानं तोच फोटो स्वतःच पडद्यावर लावला. म्हणाला, "ही माझी चूक. पाण्यात सापडली म्हणून मी डोकं बघितलंच नाय. मॅडम नसत्या तर मामा गेले असते."

टाळ्या पडल्या. त्याच्यासाठी. असा प्रामाणिकपणा सगळ्यांनी शिकावा, असं साहेब म्हणाले. म्हणजे चूक त्याची आणि टाळ्याही त्यालाच! माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

महिन्याभरानं सुदाममामा ऑफिसात आले. मासे किरणसाठी आणले होते, कारण सहा दिवस उशाशी तो बसला होता. मग ते माझ्या टेबलापाशी आले आणि त्यांनी हात जोडले. एक बोट अजून काळंनिळं होतं.

"किरणभाऊ म्हणला, तुम्ही फोटो पाहिल्याबरोबर फोन केला. एक मिनिट बी घालवलं नाय."

मी मान हलवली. दुसरं काय करणार होते?

रिपोर्टवर पहिलं नाव किरणचंच आलं, आणि ते अजून खुपतं. बाकी कामाचं सांगायचं तर इतकंच. साप कुठं सापडला ते नंतर लिहा, आधी डोकं बघा. आणि फोन आधी करा, स्क्रीनशॉट नंतर घ्या.